मयताचे मोकासिन आणि इतर चिठ्ठ्या: मूळ अमेरिकनांच्या वस्तूंचं क्युरेटरपण कसं करावं

या म्युझियममध्ये रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात कलेक्शन्स मॅनेजर बाईंनी मला एक ड्रॉवर ओढून दाखवला. आत मोकासिनचा, म्हणजे मूळ अमेरिकनांच्या कातडी पादत्राणांचा, एक जोड. वर मणीकाम होतंच, पण तळवेसुद्धा मण्यांनी भरलेले. दोऱ्याने बांधलेल्या पिवळट चिठ्ठीवर टाइप केलेलं: ‘मयताचे मोकासिन. स्यू. अंदाजे 1890.’ मी कापडांच्या जतनाचं शिकून आलेली, त्यामुळे माझी नजर आधी टाक्यावर गेली, मग मण्यांवर, मग पितळी मण्यांभोवती साचलेल्या हिरव्या मेणचट थरावर. चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न मला पडलासुद्धा नाही. पुढे काही वर्षं त्या एका ओळीने मला बरंच शिकवलं. आता कुणी ‘या कामात यायचंय, सुरुवात कुठून करू?’ असं विचारलं की मी त्या ड्रॉवरपासूनच सांगायला लागते.

आमचं म्युझियम अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं, मध्यम आकाराचं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेसारखा फौजफाटा नाही. क्युरेटर मी एकटी, एक कलेक्शन्स मॅनेजर, नोंदी आणि कागदपत्रांसाठी एक रजिस्ट्रार, आणि वस्तूंच्या जतनासाठी अर्ध्या पगाराची एक कॉन्झर्व्हेटर. बहुतेक ठिकाणी असंच असतं, तेव्हा पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

नोकरीचं आधी उरकते. मानववंशशास्त्र, कला-इतिहास किंवा म्युझियम स्टडीज यांतली एमए लागतेच. मोठ्या संस्थांना पीएचडी हवी असते. पण थेट क्युरेटर म्हणून क्वचितच कुणी आत शिरतं. रजिस्ट्रारच्या हाताखाली किंवा स्टोअरमध्ये दोन-चार वर्षं काढा. खोक्यांचे कप्पे कापायला शिका, कर्जाऊ वस्तूंचे कागद करायला शिका. आणखी एक गोष्ट मनात पक्की करून या: या जागांवर आता मूळ रहिवासी समाजांतली माणसं येत आहेत आणि यायलाच हवीत. एखाद्या मुलाखतीत तुम्ही आणि ओजिब्वे घरातली, भाषा येणारी उमेदवार समोरासमोर असाल, तर ती निवडली गेल्याचं वाईट वाटून घेऊ नका. माझ्यानंतर माझ्या खुर्चीत कोण बसावं याबद्दल माझं मत ठाम आहे, आणि ते माझ्यासारखं कुणी नाही.

आधी शब्द

मराठीत आपण अजून सर्रास ‘रेड इंडियन’ म्हणतो, लिहितो. तो शब्द आजपासून बंद. ‘टोळी’ही जपून वापरा, ज्यांच्याशी तुमचा पत्रव्यवहार होणार त्यांतल्या कित्येकांची स्वतःची सरकारं, न्यायालयं, पोलीस आहेत, आणि ते स्वतःला ‘नेशन’ म्हणवतात. सर्वांत बरं म्हणजे ज्यांचं आहे त्यांचं नाव घ्या. तेही त्यांचं स्वतःचं. म्युझियमच्या जुन्या नोंद-कार्डांवरची बरीच नावं शेजाऱ्यांनी किंवा गोऱ्यांनी ठेवलेली असतात. कार्डावर ‘इरोक्वा’ असेल तर ते हौदेनोसौनी. ‘विनेबागो’ म्हणजे हो-चंक. ‘पापागो’ म्हणजे तोहोनो ओधाम, ज्यांनी 1986 मध्ये अधिकृतपणे ते जुनं नाव टाकून दिलं. ‘स्यू’ तर फारच ढोबळ. लाकोटा की डाकोटा, आणि त्यांतही कुठल्या रिझर्व्हेशनचे, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या कुठल्या भूभागाचे, हे कळल्याशिवाय फोन कुणाला करायचा हेच ठरत नाही.

मात्र जुनं नाव कार्डावरून खोडू नका. डेटाबेसमध्ये नवीन रकाना करा आणि जुनं ‘मूळ नोंदीतील नाव’ म्हणून राहू द्या. पन्नास वर्षांनी कुणी शोधायला आलं तर ते जुन्या नावानेच शोधणार.

माझ्या बाबतीत ‘इंडियन’ या शब्दाचा आणखी एक घोळ होतो. फोनवर ओळख करून देताना मी ‘इंडियातली’ असं म्हणाले की पलीकडून हमखास येतं, ‘म्हणजे कोलंबस शोधत होता ते तुम्ही!’ मी हे वीसेक वेळा तरी ऐकलंय. दर वेळी हसते, कारण त्यानंतर बोलणं खरं सुरू होतं.

वस्तूआधी कागद

नवीन क्युरेटर स्टोअरमध्ये जाऊन वस्तू बघत बसतो. साहजिक आहे, वस्तू सुंदर असतात. पण पहिले तीन महिने कागदांत घालवा. ॲक्सेशन रजिस्टर (म्युझियममध्ये आलेल्या वस्तूंची नोंदवही), कॅटलॉग कार्डं, देणगीदारांच्या फायली, जुने फोटो, आणि कुणीही न उघडलेली ‘संकीर्ण’ नावाची फाइल. तुम्हाला हवंय ते शेवटच्या फायलीत असतं.

रजिस्टर वाचताना तीन गोष्टी विचारत चला. ही वस्तू त्या माणसाकडे कशी आली? त्या वर्षी त्या भागात काय चाललं होतं? आणि विकणाऱ्याला ती विकायचा अधिकार होता का?

दुसरा प्रश्न किती महत्त्वाचा आहे त्याचं उदाहरण देते. समजा तुमच्या रजिस्टरमध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचे मुखवटे आणि तांब्याचे पत्रे 1920 च्या दशकात आलेले दिसले, पुढे फक्त ‘खरेदी’. कॅनडात पॉटलॅचवर, म्हणजे तिथल्या समाजांच्या भेटी वाटण्याच्या समारंभावर, 1885 ते 1951 बंदी होती. 1921 च्या डिसेंबरमध्ये व्हिलेज आयलंडवर डॅन क्रॅनमर यांनी मोठा पॉटलॅच केला. सरकारने लोकांना पकडलं आणि ज्यांनी मुखवटे, तांबं, वस्त्रं सरकारच्या हवाली केली त्यांची शिक्षा माफ करण्याची अट घातली. त्या वस्तू म्युझियमांत आणि एका न्यूयॉर्कच्या संग्राहकाकडे गेल्या. पुढे बऱ्याच परत आल्या. त्या ठेवायला अलर्ट बेमध्ये 1980 मध्ये उ’मिस्ता सांस्कृतिक केंद्र उघडलं. अशी तारीख आणि अशी जागा दिसली की ‘खरेदी’ या शब्दावर पेन्सिलीने टिंब करा आणि रजिस्ट्रारला हाक मारा.

मोकासिनकडे परत येऊ. तळव्यावर मणी आहेत, म्हणजे चालायला नाहीत, म्हणजे मढ्याच्या पायात घालायचे: हा तर्क व्यापाऱ्यांनी आणि संग्राहकांनी लढवला. गोष्ट रंगली की किंमतही वाढायची. प्रत्यक्षात लाकोटांमध्ये असे जोडे जिवंत माणसाला, लाडक्या मुलाला, मान म्हणून करून दिले जात. घोड्यावर बसलेल्याचे तळवे खालच्यांना दिसतातच की. पण काही खरोखर पुरतानाही घातले गेले. तेव्हा चिठ्ठी खोटी असेल असं धरून चालणंही तितकंच चूक.

मग वस्तू वाचायची. तळवा कच्च्या कडक कातड्याचा, वरचा भाग मऊ कमावलेला, म्हणजे दोन तुकड्यांचा मोकासिन: मैदानी प्रदेश. पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात एकाच तुकड्याचे मऊ तळव्याचे जास्त. मणी पट्ट्यापट्ट्यांनी घातलेले, बोट फिरवलं तर बारीक वरंबे लागतात: लेन स्टिच, लाकोटांची आवडती. ब्लॅकफीटचं काम असतं तर मणी सपाट चिकटवल्यासारखे दिसले असते. दोरा की स्नायूचा तंतू, ते भिंगाखाली कळतं. लाल मणी फुटलेला असेल तर आत पांढरा गाभा दिसतो का बघा. मणी युरोपातून आलेले, व्हेनिस आणि बोहेमियाचे. त्याआधीपासून साळिंदराच्या काट्यांचं काम होतं आणि ते थांबलेलं नाही. हिरवा मेणचट थर म्हणजे कातड्यातली चरबी आणि पितळ यांची रासायनिक प्रक्रिया. तो स्वतः खरवडू नका, कॉन्झर्व्हेटरला दाखवा.

एवढं सगळं केलं तरी ‘मयताचे की नाही’ याचं उत्तर भिंग देत नाही. त्यासाठी फोन.

कायदा

नॅग्प्रा, म्हणजे मूळ अमेरिकनांची थडगी आणि वस्तू-परतीचा कायदा, 16 नोव्हेंबर 1990 चा. ज्या संस्थेला केंद्र सरकारचा पैसा मिळतो तिला तो लागू. स्मिथसोनियनला त्याआधीचा, 1989 चा वेगळा कायदा आहे. नॅग्प्राच्या कक्षेत येतात मानवी अवशेष, त्यांच्याबरोबर पुरलेल्या वस्तू, पवित्र वस्तू, आणि चौथा प्रकार म्हणजे समाजाची सामाईक मालमत्ता, जी कुणा एकट्याला विकताच येत नाही. नवे लोक या चौथ्या प्रकाराला अडखळतात. न्यू मेक्सिकोतल्या झुनींचे आहायुदा, लाकडी युद्धदेव, हे त्याचं स्वच्छ उदाहरण. ते कुणा एकाचे नसतात, देवस्थानातून कुणीही ते नेऊ शकत नाही. म्हणून देवस्थानाबाहेर कुठेही आहायुदा दिसला तर तो चोरीचाच, मधल्या माणसाकडे पावती असो वा नसो. झुनींनी 1978 पासून म्युझियमांकडे हे मागायला सुरुवात केली, म्हणजे कायदा होण्याच्या बारा वर्षं आधी.

12 जानेवारी 2024 पासून नवे नियम आले. प्रदर्शन, संशोधन, अगदी वस्तू बघू देणं, यासाठी आधी, पूर्ण माहिती देऊन, दबावाशिवाय घेतलेली संमती लागते, आणि समाजाच्या पारंपरिक ज्ञानाला मान द्यावा लागतो. याद्या नव्याने करायला पाच वर्षं. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने मैदानी प्रदेश आणि पूर्वेकडची वनभूमी यांची दोन दालनं बंद केली, शिकागोच्या फील्ड म्युझियमने काही काचपेट्या झाकल्या. आमच्याकडेही तीन पेट्यांवर कापड आलं. प्रेक्षक विचारतात, ‘काय लपवताय?’ तिथे उभ्या असणाऱ्या गार्डला दोन वाक्यांत उत्तर देता यावं इतकं त्याला समजावून ठेवा. आम्ही ते विसरलो होतो, आणि बिचाऱ्याने आठवडाभर ‘रंगकाम चालू आहे’ सांगितलं.

लॅटिन अमेरिकेच्या वस्तूंना नॅग्प्रा लागू नाही. तिथे समोर सहसा देशाचं सरकार असतं, 1970 चा युनेस्को करार आणि त्या त्या देशाचे कायदे असतात. येल विद्यापीठाने माचू पिचूच्या वस्तू पेरूला परत दिल्या त्या 2010 च्या करारानंतर. नेल्या होत्या शंभर वर्षांपूर्वी. डेन्मार्कहून 2024 मध्ये ब्राझीलच्या तुपिनांबांचा लाल पिसांचा झगा रिओला परतला, 2018 मध्ये जळून गेलेल्या राष्ट्रीय म्युझियममध्ये. देशाला परत देणं म्हणजे समाजाला परत देणं, असं दर वेळी नसतं. पत्राची एक प्रत समाजालाही जाऊ द्या.

फोन

पत्र पाठवा, कायद्याने पाठवावंच लागतं. पण पत्राने काम होतं असं समजू नका. पलीकडे, नेशनच्या ऐतिहासिक वारसा कार्यालयात, एखाद-दोन माणसं असतात आणि त्यांच्या टेबलावर देशभरच्या म्युझियमांची पत्रं. 2024 नंतर तर पूरच आला. फोन करा. पहिल्या फोनवर काही मागू नका. तुमच्याकडे काय आहे तेवढं सांगा, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाचून दाखवा, आणि विचारा की तुमच्या सोयीने पुढे कसं जाऊ. उत्तर यायला चार महिने लागले तर लागू देत.

तारीख ठरवताना त्यांचं वर्ष बघा, आपलं आर्थिक वर्ष नाही. उन्हाळ्यात समारंभ असतात. अनेक समाजांत काही कथा फक्त हिवाळ्यात, जमिनीवर बर्फ असताना सांगतात. जुलैमध्ये मुलांसाठी ‘कथाकथन’ ठेवून वडीलधाऱ्यांना बोलावणं म्हणजे त्यांना अवघडात टाकणं. प्रवास, हॉटेल, जेवण आणि मानधन तुमच्या बजेटमधून, आणि मानधन पाहुणे आल्याच दिवशी हातात. सहा आठवड्यांनी चेक पोस्टाने पाठवणाऱ्या अकाउंट्सशी हे भांडण आधीच भांडून ठेवा.

खोलीत टेबलं गोल मांडा, खुर्च्या पाठ असलेल्या, पाणी आणि कॉफी बाहेर. कॅमेरा, वही, रेकॉर्डर: विचारल्याशिवाय काढू नका. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारू नका. कुणी बोललं नाही तर गप्प बसा. मला हे सर्वांत अवघड गेलं. आमच्या घरात दोन माणसं एका वेळी गप्प असतील तर कुणाची तरी तब्येत बिघडलेली असते.

आता धुरीचं. सेज किंवा स्वीटग्रास या सुगंधी वनस्पती जाळून पाहुण्यांना धुरी द्यायची असेल तर त्यांना विचारावं लागू नये, तुम्हीच तयारीत असा. मी पहिल्यांदा वाळूचं भांडं ठेवलं, काडेपेटी ठेवली, खिडकीसुद्धा उघडली, आणि सुरक्षा विभागाला कळवायला विसरले. मिनिटभरात पूर्ण इमारतीची घंटा. शाळेच्या सहलीची साठ मुलं, आमचे चार पाहुणे आणि मी, नोव्हेंबरच्या वाऱ्यात पार्किंगमध्ये उभे, समोर अग्निशमनच्या दोन गाड्या. पाहुण्यांतल्या एका आजींनी शाल घट्ट केली आणि म्हणाल्या, ‘आता तरी सगळ्यांना कळलं आम्ही आलोय ते.’ तेव्हापासून: दोन दिवस आधी लेखी कळवायचं, त्या विभागाचे धूरशोधक तेवढ्या वेळापुरते बंद, एक माणूस आग बघायला उभा, आणि संपल्यावर ते पुन्हा सुरू केल्याचा फोन.

त्याच आजींनी ते मोकासिन हातात घेतले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एक जोडा उलटा करून टाचेजवळ बोट ठेवलं. तिथले पाच-सहा मणी एका बाजूने झिजून सपाट झाले होते, मध्ये बारीक माती. मी तो तळवा भिंगाखाली तीन वेळा बघितला होता आणि डाग म्हणून नोंदवला होता. ‘हे घालून कुणीतरी नाचलंय,’ त्या म्हणाल्या. चिठ्ठीचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. घरी जाऊन विचारते म्हणाल्या. देणगीदाराच्या फायलीत नंतर एक पत्र सापडलं, आजोबांनी एजन्सीजवळच्या, म्हणजे रिझर्व्हेशनवरच्या सरकारी कचेरीजवळच्या, दुकानातून जोड विकत घेतल्याचं. मी प्रत पाठवली. बोलणी अजून चालू आहेत.

विष आणि कसर

हा भाग नवे लोक वगळतात, म्हणून जोर देऊन सांगते. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धापासून बराच काळ म्युझियमांनी कातडं, पिसं, लोकर यांवर आर्सेनिक आणि पाऱ्याचे क्षार लावले, नंतर डीडीटी. बहुतेक वेळा नोंद नाही. तेव्हा नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि वास घेऊन बघायची सवय असेल तर सोडा. परत जाणारी वस्तू कपाटात बसणार नाही; कुणीतरी ती अंगावर घालणार, मुलाच्या डोक्यावर ठेवणार. हातात धरायच्या एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्राने आर्सेनिक, पारा, शिसं कळतं, पण डीडीटीसारखी सेंद्रिय कीटकनाशकं त्यात नीट दिसत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत नमुना. तपासणीआधीही संमती घ्या. आणि निकाल सांगताना ‘धोका नगण्य’ असली भाषा नको. आकडे द्या, कुठे तपासलं तो फोटो द्या, आणि हे आपल्याच आधीच्या लोकांनी लावलं हे स्वच्छ सांगा.

कसर लागली तर आम्ही वस्तू प्लास्टिकमध्ये बंद करून उणे 20 अंश सेल्सिअसला निदान आठवडाभर ठेवतो. पाठ्यपुस्तकाप्रमाणे बिनचूक. पण एका पाहुण्यांनी मला विचारलं, ‘त्यांना श्वास कुठून?’ त्या मुखवट्यांना ते माणसासारखे सांभाळत होते. आता त्या कपाटात प्लास्टिक नाही, धुतलेलं मलमलचं कापड आहे, आणि मी कसरीचे सापळे महिन्याऐवजी दर आठवड्याला बघते.

जतन करायला शिकलेल्या माणसाला याहून मोठा धक्का पुढे बसतो. कुजणं हाच काही वस्तूंचा नेमलेला शेवट असतो. जुने आहायुदा उघड्यावर झिजून मातीत जायचे असतात. ब्रिटिश कोलंबियातल्या हैसलांचा ग्प्सगोलोक्स नावाचा कोरीव खांब 1929 मध्ये स्वीडनला गेला आणि 2006 मध्ये परतला. मधल्या वाटाघाटीत तिकडच्या म्युझियमचा आग्रह होता की तो नियंत्रित हवामानात ठेवावा. हैसलांच्या दृष्टीने खांब उभा राहतो, पडतो, जमिनीत जातो. मी त्या म्युझियमला हसू शकत नाही. मीही पहिल्या वर्षी तेच लिहिलं असतं, आर्द्रतेच्या आकड्यासकट.

लेबल

लेबल लिहून झालं की फक्त क्रियापदं वाचा. ‘हे लोक शिकार करीत, तंबूत राहत, कातडी कमावत.’ वाचणाऱ्याला वाटतं संपले सगळे. कातडं आजही कमावलं जातं, मण्यांचं काम करणारी बाई तुमच्या शहरात राहत असेल. वर्तमानकाळ वापरा, आणि ज्यांच्याकडून शिकलात त्यांचं नाव, त्यांना चालत असेल तर, लेबलावर घाला. जुने फोटो लावताना जपून. छायाचित्रकार एडवर्ड कर्टिस यांनी पिगन समाजाच्या तंबूतल्या एका फोटोतून दोन माणसांमध्ये ठेवलेलं घड्याळ पुसून टाकलं होतं. घड्याळ ‘जुनं’ दिसत नव्हतं ना.

शेवटी एक बारीक गोष्ट, कारण ती कुठल्याच कोर्समध्ये मला कुणी सांगितली नाही. पाहुणे जाताना वस्तूजवळ तंबाखू, सेज किंवा मक्याचं पीठ ठेवतात, आणि ते तिथेच राहावं अशी इच्छा असते. तंबाखूत सिगारेट बीटल मजेत वाढतो आणि तिथून पिसांकडे वळतो. नाही म्हणू नका. पाहुण्यांना आधीच विचारा की त्यांनी आणलेलं आम्ही आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवून मग आत नेलं तर चालेल का. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. लहान मलमलच्या पुरचुंडीत बांधा, तारीख घाला, मोकासिनच्या टोकांकडे त्यांनी सांगितलेल्या दिशेला ठेवा. आणि उत्साहाच्या भरात त्या पुरचुंडीला ॲक्सेशन नंबर देऊ नका. आमच्या एका इंटर्नने दिला होता. तो रद्द करायला समितीची बैठक लागली.